नागमोडी रेघ

२०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळ कोंकणचा किनारा घांसून गुजराथेकडे गेलें. त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या भाच्यानें हेदवीस बामणघळीच्या कातळावर उभें राहून एका पक्ष्याचीं तीन छायाचित्रें घेतलीं. ज्यांनीं हेदवी पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, गुहागर तालुक्यांतील या गांवीं लोक येतात ते दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या दर्शनाला. आणि आलेले लोक समुद्रकांठच्या उमामहेश्वराच्या देवळापलीकडील ती अरुंद घळ पाहिल्यावांचून सहसा परत जात नाहींत. भरतीचें पाणी त्या चिरेंत शिरून कोंडतें आणि उसळून माणसाच्या डोक्यावर उंच उडतें. त्या दिवशीं तें किती उडत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. कॉलेज बंद असल्यामुळें आजोळीं अडकलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तें पाहण्यासाठीं धांवत गेला, आणि पाण्याऐवजीं आकाशाकडे पाहत राहिला.

छायाचित्रांतला पक्षी मोठा, काळा, लांब पंखांचा असून त्याचें शेपूट दुभंगलेलें आहे, आणि एका चित्रांत पोटावर पांढरा ठसा दिसतो. भाच्यानें पुस्तकें चाळलीं, मोबाईलमधील एका ॲपला विचारलें, आणि सायंकाळीं निकाल जाहीर केला कीं, हा ख्रिसमस बेटावरील फ्रिगेट पक्षी होय. जावाच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत असलेल्या त्या एका बेटावांचून हा पक्षी जगांत इतरत्र कोठेंहि वीण करीत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या निकालाचा आवांका ध्यानांत येईल. गांवांतील एका जाणत्या गृहस्थांनीं चित्र हातभर दूर धरून पाहिलें आणि "ही घार" एवढें बोलून परत केलें. पुण्याच्या आमच्या एका स्नेह्यांचीं पंचवीस-तीस वर्षें पक्षी पाहण्यांत गेलीं आहेत; त्यांनीं फ्रिगेट मान्य केला, परंतु जाति नाकारली. पोटावरचें पांढरें हा नुसता प्रकाशाचा खेळ असून हा सर्वांगीं काळा असा मोठा फ्रिगेट असावा, असें त्यांनीं कळविलें.

येथवर सर्व ठीक होतें. पुढें मात्र वाद पक्ष्यावरून उठला तो मुलावर येऊन बसला. ज्यानें जन्मांत कधीं फ्रिगेट पाहिला नाहीं त्याला तो दिसावा, आणि दिसावा तोहि त्यांतला सर्वांत दुर्मिळ, यांत कोणाला हंसूं आलें, कोणाला कींव आली. भाचा उठून ओटीवर गेला आणि तेथून म्हणाला, "मामा, मी खोटें बोलतों असें यांचें म्हणणें आहे का?"

तसें कोणीं म्हटलें नव्हतें. पण त्याचा प्रश्न अस्थानीं होता असेंहि आम्हांला म्हणवत नाहीं.

आम्ही पक्षिशास्त्राचे अभ्यासक नव्हे. जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, आणि हीं तीन चित्रें पुन:पुन्हां पाहतांना हा प्रकार आपल्या ओळखीचाच आहे असें आम्हांला वाटूं लागलें. छायाचित्राविषयीं लोकांची अशी समजूत असते कीं, तें खोटें तरी असतें नाहीं तर खरें तरी. वस्तुत: तें एक नक्कल असतें, आणि प्रत्येक नकलेला नक्कल करणाराचा हस्तदोष चिकटलेला असतो. लेखकू पोथी उतरतांना 'घ' चा 'ध' करतो. त्यांत त्याची लबाडी नसते. कॅमेराहि असेच दोष करतो. उजळ आभाळासमोर तो तपकिरी रंगाला काळा करतो. पांढऱ्यावर प्रकाश अधिक झाला म्हणजे तें पांढरें शेजारच्या पिसांवर सांडवितो. लांब पल्ल्याचें भिंग जवळची आणि दूरची वस्तु एकमेकींना चिकटवून दाखवितें. आणि पंखांची जी स्थिति डोळ्याला कधींच दिसत नाहीं अशा एका क्षणाची ती थिजवून ठेवतो, त्यामुळें गळालेल्या एका पिसाची फट ही पंखाची घडणच वाटूं लागते. हे दोष ज्याला ठाऊक आहेत त्यानें चित्र वाचावें. ज्याला ठाऊक नाहींत तो तें नुसतें पाहतो.

आतां हीं चित्रें वाचूं. पहिलें चित्र पक्षी डोक्यावरून जात असतांना घेतलेलें आहे. त्यांत रंग नाहीं, तपशील नाहीं, केवळ छायाकृति आहे. आणि आमच्या मतें तिन्हींत हेंच अधिक बोलकें आहे. घारीचे पंख रुंद असतात, टोकाचीं पिसें बोटांसारखीं फांकलेलीं असतात, आणि शेपटीची खांच उथळ असते. येथें पंख लांब व निमुळते असून मध्येंच कोनांत मोडलेले आहेत, शेपूट कात्रीच्या पात्यांसारखें खोलवर दुभंगलेलें आहे, आणि लांब चोंचीच्या टोकाला आंकडी स्पष्ट आहे. एवढ्यानें घारीचा प्रश्न निकालांत निघतो. गांवच्या गृहस्थांना मात्र हंसण्याचें कारण नाहीं. हेदवीच्या किनाऱ्यावर दुभंगल्या शेपटीचा काळा पक्षी दिसला तर तो घार असेल, हा अंदाज वर्षानुवर्षें बरोबर ठरत आलेला आहे. नित्याचें जें असेल तें आधीं धरून चालावें हा त्यांचा न्यायहि योग्य आहे. त्यांची चूक एवढीच कीं, न्याय लावल्यावर त्यांनीं चित्राकडे पाहिलें नाहीं.

खरा तंटा दुसऱ्या चित्राचा आहे. पक्षी वळतांना त्याचें पोट कॅमेऱ्याकडे आलें आहे आणि त्यावर तो पांढरा ठसा आहे. हिंदी महासागरांतील तीन फ्रिगेट आपल्या बाजूला येऊं शकतात. मोठ्या फ्रिगेटचा नर सगळा काळा. लहान फ्रिगेटच्या नराचें पोट काळें, पण दोन्ही बगलांत पांढऱ्या रंगाचे आंखूड पट्टे. ख्रिसमस बेटावरील नराच्या पोटावरच पांढरा डाग. तेव्हां भाच्याचा तर्क निराधार नव्हता. हा ठसा खरा असेल आणि पक्षी पूर्ण वाढलेला नर असेल, तर नांव तेंच. परंतु हेंच पांढरें आम्हांला पंखाच्या पुढच्या कडेवर आणि चोंचीच्या पाठीवरहि आढळलें, आणि या तिन्ही जातींच्या नरांत तेथें पांढरें नसतें. ज्या लेखकूनें दोन ठिकाणीं नसलेला अनुस्वार दिला आहे, त्याच्या तिसऱ्या अनुस्वारावर अर्थ उभारूं नये. खालीं फेंसाळलेला समुद्र होता, ओला कातळ होता; तेथून परतलेला प्रकाश पोटावर पडणें अगदीं संभवनीय आहे.

पुण्याचे स्नेही येथेंच थांबून जिंकल्याचा आनंद मानतात, आणि आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे तो येथें. चकाकी पडली होती एवढें सिद्ध झालें. चकाकीखालीं पांढरें पीस नव्हतेंच, हें कशावरून सिद्ध झालें? शिवाय फ्रिगेट पक्ष्याला प्रौढ पिसारा येण्यास कांहीं वर्षें लागतात, आणि त्या मधल्या वर्षांत तिन्ही जातींचे पक्षी काळ्या-पांढऱ्या ठिगळांनीं असे भरलेले असतात कीं, भले भले जाणकार फसतात. २००४ सालीं डेव्हिड जेम्स यांनीं या तिघांच्या ओळखीवर जो विस्तृत लेख लिहिला, त्याची मुख्य कामगिरी बगलेंतला पट्टा कोठून निघतो, पोटावरचें पांढरें कोणत्या आकाराचें असतें, यांसारख्या बारकाव्यांत आहे. आणि आमच्या चित्रांत नेमक्या त्याच जागा प्रकाशानें पुसल्या आहेत. 'पांढरें दिसतें म्हणून ख्रिसमसचा' हें जितकें उतावीळ, तितकेंच 'पांढरें खोटें म्हणून मोठा' हेंहि उतावीळ होय.

तिसऱ्या चित्रांत पक्षी दूर गेला असून शेजारीं एक कावळा दिसतो. त्यावरून आकारमान काढण्याचा बराच खटाटोप झाला. कावळा जवळ होता कीं पक्षी, हें चित्र सांगत नाहीं. त्यामुळें तो खटाटोप व्यर्थ आहे.

राहतां राहिला संदर्भ. फ्रिगेट समुद्रावर जगतो, पण त्याचीं पिसें पाण्यांत भिजतात, म्हणून तो लाटांवर विसांवा घेऊं शकत नाहीं. वादळानें रेटला कीं किनाऱ्यावर येतो. पश्चिम किनाऱ्यावरील त्याच्या ज्या नोंदी आहेत त्यांचा संबंध बहुधा पावसाळ्याशीं नाहीं तर वादळाशीं जुळतो. तौक्तेच्या दुसऱ्या दिवशींची वेळ ही या साक्षीला बळकटी देते. मात्र फ्रिगेट येथें येण्याला ती बळकटी आहे, त्याच्या जातीला नाहीं. ॲपचा पुरावा आम्ही विचारांतच घेतलेला नाहीं. चौकशी करतां असें कळलें कीं, त्यानें तीन चित्रांना तीन नांवें दिलीं होतीं आणि त्यांतलें सर्वांत सुंदर नांव भाच्यानें उचललें होतें.

(जातां जातां: या पक्ष्याला मराठींत घरगुती नांव नाहीं. इंग्रज खलाश्यांनीं त्याला लढाऊ जहाजाचें नांव दिलें, कारण दुसऱ्या पक्ष्यांनीं पकडलेले मासे तो हवेंतच हिसकावून घेतो. आंग्र्यांच्या आरमाराला ज्यांनीं चांचे म्हटलें, त्यांनीं या खऱ्या लुटारूला मात्र आपल्या आरमारांतली सन्मानाची जागा दिली, याची आम्हांला गंमत वाटते.)

पूर्वीं असले वाद उद्भवत नसत, असें कोणी म्हणेल. १८८० सालीं जी. डब्ल्यू. व्हिडल यांनीं दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची पहिली यादी ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत छापली, तेव्हां पक्षी पाहणें आणि पक्षी मारणें यांत फारसें अंतर नव्हतें. बंदुकीनें पाडावा, कातडें काढून भरावें, पायाला तारीख-ठिकाणाची चिठ्ठी बांधावी, म्हणजे पुरावा कायमचा झाला. ह्यूम यांनीं असे ऐंशी हजारांवर नमुने १८८५ सालीं ब्रिटिश म्युझियमला दिले. (त्यांच्या हस्तलिखितांचें मोठें बाड मात्र नोकरानें सिमल्याच्या बाजारांत रद्दी म्हणून विकलें. पोथ्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला ही गोष्ट ऐंशी हजार कातड्यांपेक्षां अधिक लागते.) पक्षी हातांत असला कीं तंटा मिटला, अशी त्या काळाची श्रद्धा होती. ही श्रद्धा किती महाग पडली हें पाहावयाचें तर हेदवी सोडून खानदेशांत जावें लागतें.

आपल्या घराजवळच्या झाडाच्या ढोलींत बसणारा पिंगळा सर्वांना माहीत आहे. त्याचाच एक भाऊबंद रानपिंगळा. याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छाती भरीव तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनीं मढलेले. ह्यूम यांनीं १८७३ सालीं त्याला नांव दिलें. पुढील दहा-बारा वर्षांत मिळून सातच खरे नमुने हातीं आले. त्यांपैकीं कांहीं जेम्स डेव्हिडसन यांनीं खानदेशांत मिळविले होते. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. पण म्युझियममध्यें आणखी एक नमुना होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल व गुजराथेंतील तापीकांठचें मांडवी हें ठिकाण होतें. नमुना देणारे होते कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. लढवय्ये, हेरगिरींत नांव कमावलेले, पक्षिशास्त्रावर ग्रंथ लिहिलेले. अशा माणसाच्या चिठ्ठीवर कोण संशय घेणार? पक्ष्याची शेवटची नोंद त्या एका कागदाच्या कपट्यानें तीस वर्षें पुढें सरकली आणि त्याचें घर खानदेशांतून गुजराथेंत सरकलें. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याचें सागवान तुटत होतें. आणि तेथें कोण राहतें याची शेवटची अस्सल साक्ष असलेल्या नोंदी जुन्या म्हणून मागें पडल्या होत्या.

कर्नलांचा स्वभाव कोणाला ठाऊकच नव्हता असें नाहीं. म्युझियमच्या पक्षिदालनांत त्यांना एकदां बंदी झालेली होती. १९३७ सालीं सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानांत गेले होते; कर्नलांनीं रोजनिशींत आपल्याविषयीं काय काय लिहून ठेवलें, तें सलीम अलींनीं १९८५ च्या आपल्या आत्मचरित्रांत मोठ्या खेळकरपणें दिलें आहे. परंतु कर्नल १९६७ सालीं वारल्यावरहि त्यांच्या चिठ्ठ्यांची शिस्तवार तपासणी व्हावयास फार काळ गेला. १९९३ सालीं ॲलन नॉक्स यांनीं कांहीं नमुन्यांची लबाडी दाखवून दिली. नंतर पामेला रासमुसेन यांनीं आपले सहकारी नायजेल कॉलर यांच्यासह रानपिंगळ्याचा तो नमुना तपासला. तो मुळांत डेव्हिडसन यांनीं भरलेला, म्युझियममधूनच नाहींसा झालेला आणि पुन्हां उकलून नव्यानें भरलेला निघाला. भरण्याच्या पद्धतींत जुन्या हाताच्या खुणा राहून गेल्या होत्या. पोथीवर नवें पान चिकटवणाराला खालच्या पानाचा दोरा दिसत नाहीं, तसेंच हें. मांडवी खोटी, १९१४ खोटें. राहिला तो डेव्हिडसन यांचा खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांत, शहाद्याजवळ, भर सकाळीं उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. एकशें तेरा वर्षांनीं! त्याला कोणीं मारलें नाहीं. त्याचीं छायाचित्रें घेतलीं, आणि जगानें तीं मानलीं. पुढें २०१४ सालीं मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यांत रानपिंगळा मिळाल्याचें ऐकून पुष्कळांच्या भुंवया उंचावल्या; ती नोंदहि टिकली, कारण छायाचित्रांत छाती, शेपटी आणि पाय हीं तिन्ही तपासतां आलीं.

ओटीवरच्या भाच्याचा प्रश्न आम्हांला येथें आठवतो. कर्नलांच्या बाबतींत लोकांनीं माणूस पाहिला आणि पुरावा पाहिला नाहीं. हेदवीच्या मुलाच्या बाबतींतहि तेंच झालें. फरक एवढाच कीं, तेथें माणूस मोठा होता म्हणून चिठ्ठी खरी ठरली आणि येथें लहान आहे म्हणून चित्र खोटें ठरूं पाहत होतें. इंग्लंडांतील हेस्टिंग्ज गांवच्या आसपास मिळालेल्या दुर्मिळ पक्ष्यांच्या शेंकडों नोंदी १९६२ सालीं एकदम रद्द झाल्या, कारण एका भुसा भरणाऱ्या कारागिराच्या हातून आलेले ते नमुने अविश्वसनीय ठरले. पण त्यांतील बहुतेक जातींचे पक्षी पुढें इंग्लंडांत खरोखरच दिसले आणि यादींत पुन्हां आले. नोंद नाकारणें म्हणजे पक्षी नाकारणें नव्हे, आणि पाहणाराला नाकारणें तर नव्हेच. पण एवढा विवेक घरच्या बैठकींत राहत नाहीं.

पोथ्यांच्या क्षेत्रांत यासाठीं एक सोय फार पूर्वीं झाली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची जी चिकित्सित आवृत्ति काढली, तिचें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें, आणि तिची पद्धति मुख्यत: विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं बसविली. त्या आवृत्तींत कांहीं शब्दांखालीं नागमोडी रेघ आढळते. तिचा अर्थ असा कीं, हाच पाठ आम्हीं घेतला आहे, परंतु त्याची पुरती खात्री आम्हांस नाहीं. एवढ्या विद्वानांनीं एवढीं वर्षें खपून, छापील ग्रंथांत, आपल्या अनिश्चितीची खूण स्वत:च्या हातानें काढून ठेवावी, ही गोष्ट आम्हांला त्या आवृत्तीच्या कोणत्याहि प्रस्तावनेपेक्षां थोर वाटते. आणि जें गाळलें तेंहि फेंकलें नाहीं. व्यासांचा लेखक म्हणून गणपति बसला ही आबालवृद्धांच्या तोंडची कथा सुखटणकरांना मूळ पाठांत ठेवतां आली नाहीं. त्यांनीं ती परिशिष्टांत ठेवली. तेथें ती अक्षरश: आहे, कोणत्या प्रतींत आढळते याच्या नोंदीसह आहे. उद्यां कोणाला अधिक जुनी प्रत सांपडली तर वाद पुन्हां उभा राहूं शकतो.

दशभुजाच्या गांवीं हें सांगतांना आम्हांला थोडा संकोच वाटला. पण गणपति रागावल्याचें दिसलें नाहीं. भाच्याला आम्हीं आदिपर्वाचा तो खंड काढून दाखविला, रेघ दाखविली, परिशिष्ट दाखविलें. त्यानें बराच वेळ पानें उलटलीं. मग आपली वही आणली, 'ख्रिसमस बेटावरील फ्रिगेट' हे शब्द न खोडतां कंसांत घातले, वर नुसतें 'फ्रिगेट' लिहिलें, त्यापुढें 'जाति?' असें लिहून त्याखालीं पेन्सिलीनें वांकडी रेघ ओढली, आणि कडेला दिवस, वेळ, वाऱ्याची दिशा मांडली. पुण्याच्या स्नेह्यांना ही नोंद भित्रेपणाची वाटते; त्यांचें पत्र आलें आहे. गांवचे गृहस्थ अजून घार म्हणतात.

वही मिटतांना आम्हीं सहज विचारलें कीं, तीनच चित्रें कां घेतलींस.

"तीन नव्हे, मामा, सात-आठ घेतलीं होतीं," तो म्हणाला. "बाकीचीं पुसट आलीं, पक्षी तिरका, अर्धा कापलेला, बगलेचाच भाग तेवढा दिसत होता. म्हणून तीं काढून टाकलीं."